बिगर ऑपरेटरची जेसीबी-पोकलेन मंथलीवर घ्यायची असेल तर

आपल्याकडं मशीन लावायची म्हणलं की लोक तासावरच लावतात. मालकाला फोन करायचा, ऑपरेटर त्याचा, डिझेल बहुतेक त्याचंच, बिघडली तर मेकॅनिक त्यानं आणायचा, आपण नुसते तास लिहायचे. बांधबंदिस्ती, एखादी विहीर, दोन दिवसाचं सपाटीकरण यासाठी हेच बरंय, उगं डोक्याला ताप नाही. पण शेततळ्यांची लाइन लागली, नाला खोलीकरण मिळालं, नाहीतर रोडच्या कामात साइड पट्ट्या भरायचं महिना-दोन महिन्याचं गुत्तं हातात आलं की कुणीतरी सांगतंच, अरे तासावर कशाला लावतो, नुसती मशीन मंथलीवर घे, ऑपरेटर आपला टाक, लई वाचतंय. वाचतंय, खोटं नाही. पण कधी वाचतंय आणि कधी अंगावर येतंय ते आधी कागदावर मांडून बघा.

समजा साधी जेसीबी, महिन्याला ८० हजार भाडं, २०० तास धरून. रेट गावागावाला आणि सीझनला बदलतात, मी हिशोब कळावा म्हणून आकडा घेतलाय, तुम्ही तुमचा टाका. ऑपरेटरचा पगार २० हजार. म्हणजे मशीन हलो न हलो, महिन्याला १ लाख गेलेच. वरून तासाला ५ लिटर डिझेल धरा, साडेचारशे रुपये, ग्रीस-ऑइलचे ४०, झाले ४९०. तीच मशीन डिझेल-ऑपरेटरसकट तासाला १२०० नं मिळत असेल तर तुमचे तासामागं ७१० सुटतात. १ लाखाला ७१० नं भागा, १४० तास येतात. १४० च्या वर काम झालं तर फायदा, पूर्ण २०० झाले तर ४२ हजार हातात. आणि ९० तासच झाले तर तीच मशीन तुम्हाला तासाला १६०० नं पडली, मग बसा.

आता ९० तासच का होतील, तर मराठवाड्यात त्याला दोन कारणं लई. एक पाऊस. मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले की काळ्या रानात टायरची मशीन जातच नाही, गेली तर रुतते, आणि रुतलेली मशीन बकेट टेकवून टेकवून काढायच्या नादात बूमच्या, म्हणजे मशीनच्या हाताच्या, पिना आणि सिलिंडर खराब होतात ते वेगळंच. म्हणून जूनमधे मंथलीवर घेत असाल तर पावसाचा खाडा कुणाचा ते आधीच ठरवा. मालक सहसा मान्य करत नाही, पण चार दिवसाच्या वर सलग बंद राहिली तर पुढचे दिवस अर्ध्या भाड्यात, एवढं तरी बोलून बघा, बरेच जण ऐकतात कारण त्यालाही माहितेय की पावसात मशीन दारात उभीच राहणार. दुसरं कारण म्हणजे ऑपरेटर पळतो, ते पुढं सांगतो.

तास हा शब्दही साधा नाही. मंथली म्हणजे किती तास, २००, २४० का २६०, हे विचारा, आणि त्याच्यावर गेलं तर जादा तासाचा रेट काय. तास अवरमीटरचे धरायचे, रजिस्टरचे नाही. अवरमीटर इंजिन चालू असलं की पळतं, मशीन काम करू का नुसती उभी राहून भुरभुर करू. ऑपरेटर मोबाइलवर बोलताना इंजिन चालू ठेवत असेल तर ते तासही तुमच्यातूनच कटतेत. आजकाल बऱ्याच मशीनला जीपीएस असतं, मालकाला घरी बसून मोबाइलवर तास दिसतात, तर तुम्हीही रोज संध्याकाळी मीटरचा फोटो काढून त्याला व्हॉट्सॲप करा, म्हणजे महिन्याच्या शेवटी वाद नको.

मला जे सांगायचंय ते असं की बिगर ऑपरेटरच्या मशीनची सगळी भांडणं मशीन परत देताना होतात, आणि ती सगळी मशीन घेतानाच मिटवता येतात. तासावरच्या मशीनला हा प्रश्नच येत नाही, कारण ताबा मालकाच्या माणसाकडं असतो. इथं ताबा तुमचा. म्हणून घेतानाचा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, मालकाच्या घाईत येऊ नका.

जाताना आपला ऑपरेटर सोबत न्या, आणि आधी न सांगता सकाळी लवकर जा. बॉनेटला हात लावा, गार असली पाहिजे. आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड स्टार्टला काय करते ते तुम्हाला कळणारच नाही. स्टार्टला थोडा काळा धूर चालतो, निळा येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून बघा, आतून भसाभसा हवा मारत असेल तर इंजिन थकलंय. हायड्रॉलिक ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, अशी मशीन घेऊच नका. मग बकेट भरून बूम वर उचला, इंजिन बंद करा, सगळ्यांना मशीनपासून लांब उभं करा आणि दहा मिनिटं थांबा. बूम आपोआप खाली उतरायला लागला तर सिलिंडरचं सील नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय. सिलिंडरचा चकचकीत रॉड बोटानं तपासा, ओरखडा असेल तर तिथूनच सील फाटतं. बकेट जमिनीला टेकवून डावी-उजवी हलवायला लावा, पिना-बुशात किती प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे ते दिसतं. चेनची पोकलेन असेल तर खालचं सामान नीट बघा, चेन, रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दात्यांचं चाक). स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर ते संपलंय, आणि चेन मशीनचा मोठा खर्च इथंच असतो. मीटरवर २ हजार तास आणि पायाखालचं पॅडल घासून गुळगुळीत, तर मीटर बदललंय नाहीतर बंद होतं असं समजा.

हे सगळं बघताना एकजण व्हिडिओ काढत राहू द्या, मशीनभोवती पूर्ण चक्कर, मालकाचा आवाज आला पाहिजे. बकेटचे दात किती आणि किती झिजलेले, काचा, लाइट, टायर, टाकीतलं डिझेल, अवरमीटर, चेसिस नंबरची पट्टी. बॅटरीचा नंबरसुद्धा काढा, हसू नका, ‘माझी बॅटरी नवी होती’ हे भांडण लई कॉमन आहे.

कागदाचं सांगतो. टायरच्या जेसीबीचं आरटीओला रजिस्ट्रेशन असतं, आरसी आणि इन्शुरन्स बघा. चेनची पोकलेन आरटीओत नसते, तिथं मालकी फक्त खरेदीच्या बिलावर आणि चेसिस-इंजिन नंबरवर कळते, म्हणून बिलाची झेरॉक्स घ्याच. मशीन फायनान्सवर आहे का आणि हप्ते चालू आहेत का ते विचारा. हप्ते थकले तर फायनान्सवाले मशीन तुमच्या साइटवरून घेऊन जातील, काम अर्धवट राहील, आणि ॲडव्हान्स मागत तुम्ही मालकाच्या मागं फिराल.

इन्शुरन्समधे एक गोष्ट लोकांना माहितच नसते. आरसीसोबतचा थर्ड पार्टी रस्त्यावरच्या अपघातासाठी असतो. मशीन साइटवर पलटी झाली, जळाली, चोरी गेली तर त्याला काँट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी नावाची वेगळी पॉलिसी लागते. ती आहे का, आणि मशीन भाड्यानं दुसऱ्याच्या हातात गेली तर चालते का, हे एजंटला मालकासमोर फोन करून विचारा. त्यातही आपोआप झालेला बिघाड, झीज, टायर, होज पाइप, बॅटरी असलं काही बसत नाही, ते कुणीतरी खिशातूनच भरायचं असतं.

तो कुणीतरी कोण, हे करारात लिहायचं. शंभरचा बाँड आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो, तो आणा, नोटरी करा. साधारण रीत अशी चालते की दात, कटिंग एज, होज पाइप, पंक्चर, फिल्टर, ग्रीस हे घेणाऱ्याचं, आणि इंजिन, हायड्रॉलिक पंप, गिअरबॉक्स, स्विंग मोटर हे मालकाचं, चुकीनं चालवून मोडलं नसेल तर. हे शेवटचं वाक्यच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. चुकीनं मोडलं का म्हातारपणानं, हे कोण ठरवणार? तर करारातच लिहा की कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरचा रिपोर्ट दोघांनी मानायचा. आणि मालकाच्या वाट्याचा बिघाड २४ तासात दुरुस्त झाला नाही तर तेवढ्या दिवसाचं भाडं कट. ही एक ओळ नसेल तर मशीन आठ दिवस पंप उघडून पडेल आणि भाडं चालूच राहील.

डिपॉझिट बँकेतून द्या. कोरा चेक सही करून देऊ नका, कुणीही कितीही ओळखीचा असला तरी. द्यायचाच असेल तर रक्कम लिहा आणि चेक नंबर करारात टाका. जीएसटी १८ टक्के धरून रेट आहे का वेगळा, तेही तेव्हाच विचारा. तुम्हाला टीडीएस लागू असेल तर मशीनच्या भाड्यावर २ टक्के कापायचा असतो, तोही आधी सांगा, नाहीतर मालक म्हणतो पैसे कमी का आले.

पोकलेन साइटवर आणायला लो-बेड ट्रेलर लागतो, येणं-जाणं दोन्हीचं भाडं कुणाचं ते ठरवा. देगलूर, उदगीरकडं तेलंगणा-कर्नाटकातून मशीन येत असेल तर चलन आणि ई-वे बिलाशिवाय हलवू नका. चेन मशीन डांबरी रस्त्यावर चालवत नेली की रोड उखडतो आणि गाव गोळा होतं.

ब्रेकरचं, म्हणजे बकेटच्या जागी लावायच्या दगड फोडायच्या हातोड्याचं, वेगळं बोलावं लागतं. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याच्याखाली काळा पाषाण. मुरमापर्यंत बकेट चालते, पाषाण लागला की ब्रेकरच. ब्रेकरनं बूमला, पिनांना, पंपाला जे हादरे बसतात त्यानं मशीनचं आयुष्य कमी होतं, म्हणून ब्रेकरचा रेट जास्त असतो आणि काही मालक ब्रेकर लावूच देत नाहीत. तुम्ही न सांगता दुसरीकडून ब्रेकर आणून लावला तर नंतर जे काही मोडेल ते सगळं तुमच्यावर. लावताना ऑपरेटरला सांगा, एका जागी पंधरा-वीस सेकंदाच्या वर ठोकायचं नाही, फुटला नाही तर जागा बदल, आणि छिन्नी दगडाला टेकल्याशिवाय हवेत ठोकू नको.

आता ऑपरेटर. मशीन नुसती घेतली म्हणजे तो तुमचा कामगार झाला, त्याला काही झालं तर नुकसानभरपाई तुमच्यावर येते, मशीन मालकावर नाही. त्याचं लायसन्स बघा, आणि कुठं किती दिवस कुठली मशीन चालवली ते आधीच्या गुत्तेदाराला विचारा. जेसीबीवाला पोकलेनवर बसला म्हणजे ऑपरेटर होत नाही. आपल्या साइटवर बरेच ऑपरेटर बिहार-झारखंडचे असतात, होळी आणि छठला गावी जातात म्हणजे जातात, तुम्ही पगार अडवला तरी. त्या आठवड्यात भाडं चालू आणि मशीन बंद. जवळच्या गावातला एक बदली माणूस धरून ठेवा. ११ केव्हीच्या लोंबत्या तारा, गावाची पाण्याची लाइन, शेजाऱ्याच्या ड्रिपची मेन, हे पहिल्या दिवशी साइटवर फिरवून ऑपरेटरला दाखवा. तार लागली तर जीव जातो, त्यात तडजोड नाही.

रोजचं काम एवढंच, सकाळी इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइल बघणं आणि सगळ्या पिनांना ग्रीस. ग्रीसचे पैसे वाचवणारा ऑपरेटर तुमचं डिपॉझिट खातो. एप्रिल-मेच्या धुळीत एअर फिल्टर वरचेवर बघा, आणि रेडिएटर रोज हवेनं आतून बाहेर साफ करायला सांगा, टेम्परेचरचा काटा वर गेला की आधी तेच चोंदलेलं असतं. डिझेल कॅननं आणत असाल तर टाकीला कुलूप लावा आणि रोज लिटर आणि तास शेजारी शेजारी लिहा, तासाला पाचचे सात लिटर झाले की डिझेल टाकीतून कुठं जातंय ते कळेल.

मुरूम उचलायचा असेल तर तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी आधी. बिगर परवाना सापडलं तर मशीन जप्त होते, जेसीबी-पोकलेनला साडेसात लाखापर्यंतचा दंड आहे, वर मुरमाचा वेगळा. मशीन मालकाची, पण करारात तो लिहूनच घेतो की बेकायदा कामाची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि तहसील आवारात उभ्या मशीनचं भाडंही तुमच्याकडूनच मागतो. जमिनीवाला म्हणतो माझंच रान आहे, काही होत नाही. त्याचं ऐकू नका.

परत देताना मशीन धुऊन द्या, चिखलात काहीच दिसत नाही आणि नसलेलं नुकसानही दाखवलं जातं. पहिल्या व्हिडिओसारखाच दुसरा व्हिडिओ मालकासमोर काढा, दोन्ही मोबाइल शेजारी धरून फरक तिथंच ठरवा, पैसे तिथंच कापा. मग त्याच्याकडून दोन ओळी सही करून घ्या की मशीन मिळाली, काही बाकी नाही, आणि डिपॉझिट खात्यावर आल्याशिवाय, चेक हातात आल्याशिवाय ट्रेलर हलू देऊ नका.