जुन्या जीपच्या स्टिअरिंगचा प्ले कसा काढावा

साताऱ्यात जुनी जीप बाळगणाऱ्याला सल्ल्यांची कमी नाही. स्टिअरिंगला प्ले आलाय, म्हणजे चाकं न वळता ते थोडं मोकळंच फिरतंय, असं म्हणायचा अवकाश, पोवई नाक्यावर चहा पिणारा अनोळखी माणूससुद्धा सांगतो, ‘बॉक्सचा स्क्रू आवळा की!’ बॉक्स म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाची गिअरची पेटी. तिचा स्क्रू सगळ्यात शेवटी. मी सगळ्यात आधी आवळला होता, म्हणून सांगतोय.

हे सगळं पुढे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या सीजे (जुन्या विलिस) घाटणीच्या जीपला लागू.

आधी प्ले नेमका कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद, चाकं जमिनीवरच; जॅक लावला की भार जातो आणि प्ले लपतो. एकाला सीटवर बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली झोपा. प्रत्येक जोडावर बोट आडवं ठेवा, अर्धं या भागावर, अर्धं त्या. बॉक्समधून निघणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, तिची ओढ चाकांकडे वळवणारा मधला बेलक्रँक, चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं (एंड). बोटाखाली एक भाग हलून दुसरा उशिरा हलला, की तिथे खर्च आहे. बेलक्रँकची पिन आणि बेअरिंग हमखास गेलेली असतात, आणि तिकडे कुणी बघतच नाही.

मग जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या पिनवर डावी-उजवीकडे वळतं ती. बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, कमानपाटे धरणारे यू-बोल्ट, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कड्यांचे) बुश बघा. ढिलं ते आवळा, झिजलेलं बदला.

एवढं करूनही प्ले उरला तरच बॉक्स.

मी पहिल्यांदा थेट स्क्रू आवळला. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग झकास वाटलं. कासहून परत येताना यवतेश्वरच्या घाटात वळण घेतलं आणि स्टिअरिंग सरळ व्हायला तयारच होईना. एरवी हात सैल सोडला की चाक आपोआप मागे यायचं. त्या दिवशी दोन्ही हातांनी ओढून आणावं लागलं. समोरून एसटी. बायको शेजारी बसून एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

कारण साधं आहे. माणूस बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे वर्म (बॉक्समधला आटे असलेला दांडा) मधोमध झिजतो, कडांना नाही. कडेला स्टिअरिंग असताना आवळलं तर मधला प्ले तसाच राहतो. मधला पार संपवायला गेलात तर कडांना अडकतं.

म्हणून ड्रॅग लिंक आधी सोडवा: स्प्लिट पिन काढा, प्लग उघडा, लिंक बाजूला. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्मे मागे या. हा खरा मध्य. स्टिअरिंगवर वरच्या बाजूला चिकटपट्टी लावा. मग स्टिअरिंग धरून वर-खाली ओढा. दांडा खडखड वर-खाली झाला तर वर्मची बेअरिंगं ढिली आहेत. स्क्रूने ती कधीच घट्ट होत नाहीत; वरच्या कव्हरखालचे शिम (पातळ चकत्या) एकेक करून कमी करावे लागतात. हे आधी, स्क्रू नंतर. पट्टी वर असताना चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) सैल करा, स्क्रू जरा जरा आवळा आणि दरवेळी टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. मधून जाताना हाताला किंचित भार लागला पाहिजे, अडकायला नको. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि पुन्हा एकदा फिरवून बघा. मध्य सैल, कडा घट्ट असं झालं तर वर्म संपला. नवा घाला, स्क्रूशी झटापट नको.

बॉक्समध्ये ग्रीस ठासू नका. वर्म ते बाजूला सारतो आणि कोरडाच फिरतो. ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. गळत असेल तर सील बदला.

लिंक जोडा, स्प्लिट पिन नवी घाला. टो-इन, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मागच्या कडेपेक्षा पुढच्या कडेला जितकं कमी ते, १ ते २ मिमी.

पहिली फेरी सपाटीला मारा, घाटात नाही. वळण घेऊन हात सैल सोडा. स्टिअरिंग स्वतःहून मागे आलं पाहिजे. रिमवर बोटभर प्ले उरला असेल तर उरू द्या.