गोन्साल्विसमधला शेपटीवाला ‘सी’ लिनक्सवर कसा टाइप करावा

गोन्साल्विस हे आडनाव पोर्तुगीज वळणाने रोमन लिपीत लिहायचं, तर मधल्या सीला खाली शेपटी हवी. गोव्यातल्या मैत्रिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मी टाइप करत होते. कीबोर्ड यूएस इंटरनॅशनल, डेड की असलेला, म्हणजे काही कळा एकट्या काही उमटवत नाहीत, पुढच्या अक्षराला खूण जोडतात. एकेरी अवतरणाची कळ दाबली, मग सी. शेपटी आलीच नाही. सीच्या डोक्यावर तिरपी रेघ आली. ते अक्षर पोलिशमधलं! विंडोजवर याच दोन कळांनी शेपटी येते, म्हणून तासभर मी कीबोर्डच बदलत बसले.

दोष कीबोर्डचा नव्हता. कोणत्या कळांच्या जोडीने कोणतं अक्षर उमटायचं हे कंपोज नावाच्या तक्त्यात असतं, आणि तो तक्ता लोकेलच्या, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या, नावावरून निवडला जातो. अमेरिकन इंग्रजीच्या तक्त्यात त्या जोडीला रेघ, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शेपटी.

एकच नाव अडलं असेल, तर उजवा ऑल्ट धरून स्वल्पविराम दाबा. झालं काम.

पाहुण्यांची अख्खी यादी असेल, तर टर्मिनल उघडून रोमन छोट्या अक्षरांत ‘लोकेल’ असं टाइप करा. ‘एलसी_सीटाइप’ची ओळ पाहा, तक्ता तिथून ठरतो. उबुंटूवर आधी ‘सुडो लोकेल-जेन’ने ‘पीटी_बीआर.यूटीएफ-8’ तयार करून घ्या. मग होम फोल्डरमधल्या ‘.प्रोफाइल’ फाइलच्या शेवटी ‘एक्सपोर्ट’ लिहून, जागा सोडून, ‘एलसी_सीटाइप’ला हेच नाव द्या, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको. लॉगआउट करून परत या.

नाव लिहिताना मात्र जपा. पीटी छोट्या लिपीत, बीआर आणि यूटीएफ मोठ्या, 8 च्या आधी जोडरेघ. लोकेलची यादी मागवली तर यूटीएफ ही अक्षरं छोटी आणि जोडरेघेविना दिसतात. मूळ प्रणालीला दोन्ही रूपं सारखीच, पण कंपोजचा तक्ता एक्सच्या (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) स्वतःच्या यादीतून शोधला जातो आणि तिथे स्पेलिंग जुळावं लागतं. नाव सापडलं नाही तर डेड की मुकी होऊ शकते.

एवढं करूनही रेघच येत असेल, तर ‘एलसी_ऑल’ रिकामं आहे ना ते बघा. त्यात काही भरलेलं असेल तर बाकी सगळ्यांवर तेच चालतं. ‘लँग’ला हात लावू नका, म्हणजे मेनू आहेत त्याच भाषेत राहतील. मराठी टायपिंगलाही धक्का लागत नाही, कारण नव्या लोकेलचं एन्कोडिंगही, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धतही, यूटीएफ-8 च आहे.