मासे आधीच सोडलेत टँकमध्ये? मग पुढचा दीड महिना असा काढा

टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणले असतील तर हे आजच वाचा. आपल्याकडे बहुतेक असंच होतं, टँक, फिल्टर, रंगीत खडी, खाद्याची डबी आणि पिशवीत सहा मासे सगळं एकदमच येतं, मुलांना कुठला धीर, संध्याकाळपर्यंत मासे पाण्यात. मग चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा मासा कोपऱ्यात गप्प बसायला लागतो आणि सकाळी उठून बघावं तर गेलेला. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात सहातले चार गेले. मुलगी तेव्हा सात वर्षांची, रोज उठल्या उठल्या आधी टँकपाशी जायची, तिला काय सांगावं तेच मला सुचेना. दुकानात विचारलं तर म्हणाले पाणी खराब झालंय, सगळं काढून स्वच्छ धुवा. मी धुतलं, खडी, फिल्टरचा स्पंज, काच, सगळं नळाखाली घासून. पुढच्या आठवड्यात पाचवा गेला. बदलायचं फक्त पाणी होतं आणि मी जे धुवायला नको तेच धुवून बसले होते, हे मला फार उशिरा कळलं.

तर आधी आत काय चाललंय ते समजून घ्या. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, झाडांवर चिकटून राहणारे बॅक्टेरिया असतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियाने कल्ले जळतात, नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया जवळपास नसतातच. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही, आणि टँक सायकल होणं म्हणतात ते हेच. एका रात्रीत दही लागतं तसं हे काम नाही.

पण विरजण मात्र लावता येतं! ओळखीत कोणाचा सहा महिने-वर्षभर नीट चाललेला टँक असेल आणि त्यातले मासे ठणठणीत असतील, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून घ्या, त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून पिशवीतून आणा, वाटेत कोरडा पडू देऊ नका, आणि घरी आल्या आल्या आपल्या फिल्टरमध्ये खुपसा. याने आठवडेच्या आठवडे वाचतात. जुन्या टँकचं नुसतं पाणी आणून मात्र काही उपयोग नाही, कारण बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते चिकटून राहतात. आणि म्हणूनच पाणी बदललं की बॅक्टेरिया निघून जातील, सायकल लांबेल, या भीतीने पाणी न बदलणं हे मासे मारण्यासारखंच आहे. पाणी बदला, हवं तितक्या वेळा बदला, फक्त स्पंज आणि खडी धुवायच्या मागे लागू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर टेस्ट किटवर करा, सजावटीवर नको. थेंब टाकून रंग बघायचं लिक्विड किट घ्या, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) चारही मोजणारं. महाग वाटतं पण पाणी डोळ्यांना काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात अमोनिया असू शकतो, आणि उलट पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ होतं तेव्हा लोक घाबरतात, ते वेगळ्याच बॅक्टेरियांमुळे होतं, बहुतेक वेळा आपोआप निवळतं.

टँकमध्ये पाणी किती ते आधी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक म्हणजे साधारण 56 लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी 45 च्या आसपास धरा.

आता रोजचं काम. सकाळी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्हींची बेरीज 0.5 पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या) वर गेली की त्याच दिवशी पाणी बदला, निम्मं. हिशोब सरळ आहे, अमोनिया 1 असेल तर निम्म्या पाण्याने 0.5 होतो, 2 असेल तर एकदा निम्मं बदलून थांबू नका, काही तासांनी पुन्हा बदला. किट अजून आलं नसेल तर रोज पाव टँक डोळे मिटून बदलत रहा. पाइपने सायफन करून बादलीत काढायचं, जमलं तर पाइपचं तोंड खडीवरून फिरवायचं म्हणजे वर साचलेली घाण निघते. मासे टँकमध्येच राहू द्या, जाळीने पकडून बादलीत टाकणं हाच त्यांना मोठा त्रास असतो.

नवीन पाणी घालताना क्लोरीनचं बघा, नगरपालिकेच्या पाण्यात तो असतोच, आणि पावसाळ्यात कधीकधी नळ सोडल्या सोडल्या वास येतो इतका असतो. तो माशांच्या कल्ल्यांना लागतो आणि बॅक्टेरियांनाही मारतो. अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे बादलीत टाका किंवा पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात 24 तास उघडं ठेवा. टाकीतलं उन्हाने तापलेलं पाणी थेट ओतू नका, हाताला टँकच्या पाण्याइतकंच लागलं पाहिजे.

पीएचचं प्रकरण जरा किचकट आहे पण समजून घेण्यासारखं आहे, कारण एकच अमोनिया एका घरात मासे मारतो आणि दुसऱ्या घरात नाही. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, त्यातला खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. आपल्याकडच्या 27-28 डिग्रीला पीएच 7 असेल तर तो भाग एक टक्क्याच्याही आत असतो, पीएच 8 झाला की सहा टक्क्यांच्या आसपास. सोलापूरला माझ्या मावसबहिणीकडे बोअरचं जड पाणी आहे, पीएच आठच्या वर, तिथे 0.5 सुद्धा जास्तच, तिला मी 0.25 ला पाणी बदलायला सांगितलं होतं. मुंबई-ठाण्याकडे उलट, तलावांचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, आणि बॅक्टेरिया काम करताना तेही खर्च करतात, मग पीएच घसरत जातो आणि साडेसहाच्या खाली गेला की बॅक्टेरिया सुस्तावतात. महिना झाला तरी सायकल पुढे सरकत नाही म्हणतात त्यात पुष्कळदा हेच असतं. नियमित पाणी बदललं की बराच फरक पडतो, शिवाय स्वच्छ धुतलेले शिंपले मूठभर फिल्टरमध्ये टाकले तर पीएच धरून राहतो.

खायला एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल इतकंच. मुलांना हे सगळ्यात अवघड जातं, मासा काचेपाशी आला की त्यांना वाटतं भूक लागली. आमच्याकडे डबी मी वरच्या फडताळात ठेवली आणि खाद्य द्यायचे वार कॅलेंडरवर मुलीकडूनच लिहून घेतले, मग ती स्वतःच सगळ्यांवर नजर ठेवायला लागली.

फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज येतो, वीज जाते म्हणून बंद करायचा नाही, बॅक्टेरियांना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. स्पंज फारच तुंबून पाणी यायचं बंद झालं तरच हात लावा, आणि तोही टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळून परत लावा, नळाखाली कधीच नाही. काही दुकानांत निळं औषध देतात, मेथिलीन ब्लू, ते या दिवसांत टँकमध्ये ओतू नका, त्याने हेच बॅक्टेरिया मरू शकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतो, हा काळ लांबतो आणि इथेच माणसं कंटाळतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर लगेच निम्मं पाणी बदला, एअर स्टोन (एअर पंपच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) जोरात सोडा. नायट्राइटवर मीठ खरंच कामाला येतं, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आयोडीन नसलेलं साधं खडेमीठ, दहा लिटरला पाव चमचा, पाण्यात विरघळवून घालायचं. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढच्या वेळी जितकं पाणी बदललं तितक्याच पाण्यापुरतं घाला.

झाडं असतील तर उत्तम, हायड्रिला, हॉर्नवर्ट टाका, नाहीतर घरातल्या मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी काठाला अडकवा. ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढतात. आणि एवढ्या टँकमध्ये गोल्डफिश असतील तर, वाईट वाटेल पण सांगते, परत देता येत असतील तर द्या, ते फार घाण करतात आणि फार मोठे होतात. गप्पी, मॉली, झेब्रा डॅनियो हे त्या मानाने तग धरतात.

पाणी न बदलता सलग आठवडाभर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं झालं की टँक सायकल झाला. तिथून पुढे आठवड्याला पाव टँक पुरे. नवीन मासे आणायचेच तर एका वेळी दोन, मग पुन्हा आठ दिवस टेस्ट. आणि गणपतीला गावी निघालात तर मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी आरामात राहतात, शेजाऱ्यांच्या हातात खाद्याची डबी देऊ नका, फक्त निघताना घराचा मेन स्विच बंद करू नका, टँकचा फिल्टर चालू राहील एवढं बघून कुलूप लावा.