घाणेरी मुळापाशी कशी तोडावी: संरक्षित जंगलातल्या कामासाठी

घाणेरी (टणटणी, इंग्रजीत लँटाना) हे जंगलात पसरत जाणारं परदेशी झुडूप. ती कोयत्याने जमिनीलगत छाटली की पहिल्या पावसात त्याच खुंटातून पाच-सात धुमारे फुटतात. जाळली तरी तेच. खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे, मातीच्या जरा खाली, एक फुगीर भाग असतो. फुटव्यांचे डोळे तिथे असतात, त्याखालच्या मुळावर नसतात. त्यामुळे सगळं मूळ खणत बसायची गरज नाही, पण ती गाठ थोडीसुद्धा मागे राहून चालत नाही. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात याच गोष्टीवर पद्धत बसवली: मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सें.मी.वर तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत देशी गवत-झाडं परत आणायची. खालची माहिती त्याच पद्धतीला धरून आहे.

आधी परवानगी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनस्पती काढायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. झाड परदेशी आहे म्हणून सूट मिळत नाही. स्वयंसेवी गटाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत लेखी परवानगी घ्यावी आणि कामावर वनरक्षक हजर असावा.

कुठून सुरुवात करावी

सगळ्यात दाट जाळीपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण तिथलं काम डोळ्यांत भरतं. ते टाळा. दाट जाळीत माणसं आठवडेच्या आठवडे अडकतात आणि तोवर कडेची विरळ झुडपं फळं धरून पुढे सरकतात. आधी चांगल्या जंगलात नुकती शिरलेली सुटी झुडपं काढा, मग विरळ पट्टा, शेवटी दाट गाभा. उतारावर वरून खाली या, कारण पावसाच्या पाण्याबरोबर बी खाली वाहून येतं. पक्षी, विशेषतः बुलबुल, फळं खाऊन जिथे बसतात त्या मोठ्या झाडांखाली रोपं हमखास सापडतात. त्या जागा नकाशावर वेगळ्या दाखवा.

क्षेत्राचे दोरी-खुंट्या लावून तुकडे पाडा. ५० मीटर बाय ५० मीटरचा तुकडा म्हणजे पाव हेक्टर, मोजायला सोपा. प्रत्येक तुकड्याच्या एका ठरलेल्या खुंटीपासून एकाच दिशेने फोटो घ्या. किती तुकडे घ्यायचे हे यंदाच्या मजुरीवर ठरवू नका. पुढची तीन वर्षं तिथे परत यायला माणसं आणि पैसा असेल तेवढेच घ्या. अर्ध्यावर सोडलेला तुकडा आधीपेक्षा वाईट होतो, कारण उन्हाला मोकळी झालेली माती घाणेरीच्या बियांना हवीच असते.

सगळी जाळी एका दमात उघडी करू नये. रानडुक्कर, अस्वल, बिबट्या, ससे, लहान पक्षी यांनी तिथे आडोसा धरलेला असतो. एक पट्टा काढा, एक ठेवा; गवत वर आल्यावर ठेवलेला पट्टा घ्या. तीव्र उतारावर पट्टे समपातळीत आडवे ठेवावेत, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात माती नाल्यात जाते.

हंगाम

मोठ्या झुडपांसाठी उन्हाळा बरा. फळं कमी असतात आणि उपटलेलं झुडूप उन्हात लवकर मरतं. मात्र मुरमाड जमीन मे महिन्यात दगडासारखी होते आणि टिकाव नेमक्या खोलीवर बसत नाही. अशा ठिकाणी पावसाळा संपल्यावर, मातीत ओल असताना काम करा. तेव्हा फळांचे घोस आधी कापून पोत्यात भरणं भाग आहे. हिरवं फळही सोडू नका. रोपं उपटायचं काम मात्र भर पावसाळ्यातलं.

तोडणी

दोघांची जोडी करा. हत्यारं: एक कोयता, एक अरुंद पात्याचा टिकाव किंवा कुदळ, एक खुरपं. अंगात जाड पूर्ण बाह्यांचा सदरा, हातात चामडी हातमोजे, पायात बूट. जाळीत शिरण्याआधी आवाज करा, एकाच बाजूने आत जा आणि जनावराला निघायला समोरची बाजू मोकळी ठेवा. पहाटे आणि तिन्हीसांजेला काम नको. गांधीलमाश्यांचं पोळं आणि पक्ष्यांची घरटी पाहून घ्या. चालू घरटं दिसलं तर ते झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.

पहिला माणूस कोयत्याने वरच्या फांद्या सोडवतो, पण खोडाचा ३० ते ४५ सें.मी.चा भाग धरायला ठेवतो. याच वेळी आत दडलेली देशी झाडांची रोपं शोधावीत आणि त्यांना रंगीत कापडाची चिंधी बांधावी. घाणेरीच्या काट्यांआड चरणाऱ्या जनावरांपासून वाचलेली ही रोपं जंगल परत येण्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची सोय आहेत. घाईत तीच आधी तुटतात.

मग खोडाभोवतीचा पालापाचोळा आणि वरची माती खुरप्याने बाजूला करा. गाठ दिसली पाहिजे. दुसरा माणूस गाठीच्या खाली तिरका घाव घालतो, पहिला खोड वाकवून धरतो. एक-दोन घावांत मूळ तुटतं आणि गाठीसकट झुडूप हातात येतं. बाहेर आलेला भाग उलटून पाहा: खाली मुळाचा तुकडा लागलेला असेल तर घाव बरोबर. गाठ अर्धी चिरलेली असेल तर उरलेला अर्धा भाग जमिनीत आहे, तो तिथल्या तिथे काढा. जुन्या जाळीत जमिनीला टेकलेल्या फांद्यांनाही मुळं धरलेली असतात. दिसायला एक झुडूप, पण तोडायच्या जागा चार-पाच. फुटवे येतात ते बहुतेक अशा सुटलेल्या फांद्यांतून.

जेसीबी वापरू नका. यंत्र झुडपाबरोबर मातीचा थर उलथतं, खोल दबलेलं बी वर आणतं आणि गवताची मुळं उखडतं. दिवसात क्षेत्र साफ दिसतं आणि पावसात रोपांचा गालिचा उगवतो.

काढलेली झुडपं मुळं आकाशाकडे करून ठेवा, शक्यतो खडकावर किंवा दुसऱ्या झुडपांच्या ढिगावर. ओल्या मातीला टेकलेली फांदी परत रुजते. ढीग झाडांच्या बुंध्याला, नाल्यात किंवा जाळरेषेजवळ (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याजवळ) लावू नयेत. वाळलेली घाणेरी फार जोरात पेटते. ढीग पेटवायचा की कुजू द्यायचा हे वनखात्यानेच ठरवावं. गुरांपुढे पाला टाकू नका, त्यातल्या विषाने त्यांचं यकृत बिघडतं. काड्या टोपल्या-फर्निचरसाठी न्यायच्या असतील तर उत्तम, पण नुसत्या सरळ काड्या कापून नेल्या की खुंट जागेवर राहतो आणि जोमाने फुटतो. नेणाऱ्यांनीही गाठीसकटच काढावं.

पुढची तीन वर्षं

पहिला चांगला पाऊस झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पहिली फेरी. रोपं तेव्हा लहान असतात आणि ओल्या मातीतून मुळासकट निघतात. ओळख पक्की करा: चौकोनी खोड, समोरासमोर खरखरीत पानं, चुरडली की उग्र वास. शंका असेल तर रोप राहू द्या, पुढच्या फेरीत कळेल. दुसरी फेरी पावसाळ्याच्या मध्यावर, तिसरी पाऊस संपता संपता. किमान तीन पावसाळे हेच करायचं, कारण सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही.

फेरीत रोपं आणि फुटवे वेगवेगळे मोजा. रोपं मातीतल्या बियांची असतात, त्यात कुणाची चूक नाही. फुटवे चुकीच्या घावाचे असतात. तोडलेल्या शंभर झुडपांपैकी दहांहून जास्त फुटली, तर पुढचा तुकडा घेण्याआधी जोड्यांना खोली पुन्हा दाखवून द्या.

मोकळी जागा रिकामी राहत नाही. घाणेरी गेली की रानमोडी, गाजरगवत, कॉसमॉस ही परदेशी तणं शिरतात. रानमोडीचं बी वाऱ्याने उडतं, म्हणून ती फुलायच्या आत मुळासकट उपटावी. गाजरगवतही फुलण्याआधीच, आणि हातमोजे घालूनच. त्याने त्वचेला खाज आणि काहींना दमा होतो.

यावर खरा उपाय म्हणजे गवत. आसपासच्या चांगल्या कुरणात बी तयार झाल्यावर मारवेल, पवना, शेडा यांचं बी गोळा करून कोरड्या जागी ठेवा आणि पहिल्या पावसात ओलसर मातीत मिसळून फेका. गवताचं बी हलकं असतं, नुसतं फेकलं तर वाऱ्याने एका कोपऱ्यात जमा होतं. ठोंबं मिळत असतील तर अर्ध्या मीटरच्या अंतराने लावा. पहिला पावसाळा तिथे गुरं चरू देऊ नयेत. दाट सावलीत मात्र गवत रेटू नका. तिथे वरचा पर्णछत्राचा भाग दाट होऊ दिला की घाणेरी आपोआप मागे हटते. सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही परदेशी झाडं झपाट्याने वाढतात म्हणून लावली जातात. संरक्षित क्षेत्रात त्यांना जागा नाही.

एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना बूट, पोती आणि हत्यारांची माती झटका. रस्त्यासाठी बाहेरून मुरूम किंवा वाळू येत असेल तर ती टाकलेली जागा दर पावसाळ्यात तपासा. गाजरगवत जंगलात बहुतेक वेळा याच वाटेने येतं आणि पहिल्या वर्षी ते मोजून उपटण्याइतकंच असतं.