तेजीच्या काळात वाढत्या कंपनीत पैसे घालायचे, तर

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एका कंपनीची टर्म शीट (गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद) आमच्याकडे सोमवारी आली आणि पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळपर्यंत सही हवी होती. नऊ दिवस. आम्ही सही केली. कागदपत्रं सगळी खरी होती, कुणी फसवलं नाही. पण आम्ही तीनच ग्राहकांना फोन केले होते आणि तिन्ही नावं कंपनीनेच दिली होती. लॉकडाउन उठल्यावर त्यांचे बरेचसे ग्राहक नूतनीकरणाला आलेच नाहीत. दोन वर्षांनी ती रक्कम आम्ही पुस्तकात शून्य केली. त्या फाइलवर माझी सही आहे.

मी सीए. आधी ऑडिट केलं, आता अकरा वर्षं सेनापती बापट रस्त्यावरच्या एका छोट्या फंडात आहे. भोसरी-चाकणच्या कारखानदार कुटुंबांतली पुढची पिढी सध्या वारंवार भेटायला येते. कारखान्याच्या नफ्यातला काही भाग त्यांना एआयच्या कंपन्यांत घालायचाय. कुणी फंडामार्फत येतं (सेबीच्या नियमानुसार अशा फंडात किमान १ कोटी लागतात), कुणी थेट. त्यांना मी जे सांगते, ते इथे लिहितेय.

ग्रोथ इक्विटी म्हणजे माल विकला जातोय, ग्राहक पैसे देतायत आणि आता वाढीला भांडवल हवंय, अशा कंपनीत थोडा हिस्सा घेणं. ताबा फाउंडरकडेच राहतो. पैसे अडकतात मात्र बरीच वर्षं. आपल्या पुण्यातलंच बघा: सॉफ्टवेअरवाली पर्सिस्टंट १९९० मध्ये सुरू झाली आणि २०१० मध्ये शेअर बाजारात आली, लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय २०१० मध्ये सुरू झाली, बाजारात आली २०२४ मध्ये. मुलीच्या लग्नाचे किंवा नव्या सीएनसी मशीनचे पैसे इथे घालू नका.

तेजीत सगळ्यात आधी वेळ हातातून जातो. राउंड, म्हणजे कंपनीची पैसे उभारायची फेरी, उघडला की आठवड्या-दीड आठवड्यात संपतो आणि तेवढ्यात माणूस ओळखता येत नाही. म्हणून ओळख राउंडच्या आधी करून ठेवायची. दर गुरुवारी मी अशा एका फाउंडरला भेटते, ज्याला सध्या पैसे नकोयत. बाणेर, बालेवाडी, हिंजवडी, कधी कोथरूडच्या बंगल्यातलं दोन खोल्यांचं ऑफिस. तीनच गोष्टी विचारते: पुढच्या सहा महिन्यांत विक्री किती होईल, कुणाला नोकरीवर घेणार, आणि कशाची भीती वाटते. उत्तरं वहीत, तारखेसह. सहा महिन्यांनी परत जाते आणि तीच वही उघडते. आकडा चुकला तरी मला चालतं. का चुकला हे तो स्वतःहून सांगतो की विषय बदलतो, ते मी बघते. अशा चार भेटी झालेल्या कंपनीचा राउंड उघडला, तर नऊ दिवस पुरतात. एकही भेट झालेली नसेल, तर मी आता राउंड सोडून देते, कितीही मोठं नाव त्यात पैसे घालत असलं तरी.

आता भाव. भाव नेहमी शेवटाकडून मांडायचा. समजा कंपनीची विक्री वर्षाला ४० कोटी आहे आणि आपले पैसे धरून व्हॅल्युएशन (अख्ख्या कंपनीची धरलेली किंमत) ८०० कोटी, म्हणजे विक्रीच्या वीसपट. विक्री पाच वर्षं दरसाल ४० टक्क्यांनी वाढली, जे फार थोड्यांना जमतं, तर ती सुमारे २१५ कोटी होईल. तेव्हा बाजार विक्रीच्या सहापटच द्यायला तयार असेल, तर कंपनीची किंमत १,२९० कोटी. मधल्या राउंडांत नवे शेअर निघून आपला हिस्सा १५ टक्क्यांनी पातळ झाला असेल, तर आपल्या १ रुपयाचे होतात १ रुपया ३७ पैसे. वर्षाला साधारण साडेसहा टक्के. बँकेतली ७ टक्क्यांची ठेव यापेक्षा जास्त देते, आणि रात्री झोपही येते. तीच कंपनी, तीच वाढ, पण आत शिरताना भाव दहापट असता, तर १ रुपयाचे पावणेतीन रुपये झाले असते.

पट इतका खाली येईल का, असं तरुण मुलं विचारतात. १० मार्च २००० रोजी नॅस्डॅक (तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतला शेअर निर्देशांक) ५,०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर. तो आधीचा उच्चांक परत गाठायला २०१५ उजाडलं. इंटरनेटबद्दल लोक जे म्हणत होते ते बरंचसं खरं ठरलं. तरीही शिखरावर घेतलेल्यांनी पंधरा वर्षं वाट पाहिली. एआयबद्दलही माझं मत असंच आहे. तंत्र खरं आहे, ते टिकेल, आणि म्हणूनच भावाबद्दल मी इतकी आग्रही आहे.

विक्री खरी आहे का, हे तपासायला आपल्याकडे फार चांगली सोय आहे आणि ती वापरायला लोक आळस करतात. भारतातले कॉर्पोरेट ग्राहक सेवेचं बिल देताना टीडीएस कापतात आणि तो कंपनीच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करकपातीच्या पत्रकात) ग्राहकाच्या नावासकट दिसतो. ते नाव, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मधली बिलं आणि बँक स्टेटमेंटमध्ये आलेली रक्कम, ही तीन शेजारी शेजारी ठेवा. परदेशी ग्राहक असेल तर टीडीएस नसतो, तिथे बँकेत आलेलं परकीय चलन बघा. एक माणूस दोन दिवसांत हे करतो.

एआयच्या कंपनीत आणखी दोन जागा उकरून बघा. पहिली म्हणजे 'वार्षिक आवर्ती उत्पन्न' (दरवर्षी परत येत राहणारं उत्पन्न) म्हणून दिलेला आकडा. बऱ्याचदा तो चांगल्या महिन्याला बाराने गुणून आलेला असतो आणि त्या महिन्यात तीन महिन्यांच्या चाचणीवर असलेले ग्राहकही मोजलेले असतात. करार मागा. मुदत किती आणि मध्येच सोडता येतो का, ते वाचा. दुसरी जागा खर्चाची. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक ग्राहक वाढला तर खर्च जेमतेम हलायचा. इथे ग्राहकाच्या प्रत्येक प्रश्नामागे एआय मॉडेल चालवायचं बिल येतं. कित्येक कंपन्यांना क्लाउडवाल्यांकडून, म्हणजे सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडून, फुकट क्रेडिट मिळालेलं असतं, त्यामुळे ते बिल आज दिसत नाही. क्रेडिट संपलं असं धरून ग्रॉस मार्जिन (विक्रीतून सेवा देण्याचा थेट खर्च वजा जाता उरतं ते) स्वतः मांडा. ७५ टक्के सांगितलेलं मार्जिन अशा हिशोबात ४५ वर आलेलं मी बघितलंय.

ग्राहकांना फोन करताना नावं आपण निवडायची. संपूर्ण यादी मागा, त्यातले दहा घ्या आणि सोडून गेलेले तीन. मी एवढंच विचारते: उद्या हे बंद पडलं तर तुमच्याकडे कोण ओरडेल? 'अकाउंट्सवाले दुपारपर्यंत ओरडतील' असं उत्तर आलं की मी पुढचे प्रश्न विचारतच नाही. 'साहेबांना एआयचं काहीतरी हवं होतं' असं आलं, की ते गिऱ्हाईक मी आकड्यातून वजा करते.

कागदातल्या अटी वकील बघतील. शेअर सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स (पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागतात असे) असावेत आणि कंपनी विकली गेली तर आपलं मुद्दल आधी मिळावं, एवढं पुरे. फंडांना नियमाने एका कंपनीत फंडातल्या पैशाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाता येतं. आम्ही ८ च्या वर जात नाही, आणि त्यातलेही निम्मे दुसऱ्या राउंडसाठी राखून ठेवतो.

निर्णयाच्या दिवशी आमच्याकडे सगळ्यात धाकटा आधी बोलतो, मी शेवटी. मी आधी बोलले की बाकीचे माझ्या आकड्याभोवती फिरतात. आणि टर्म शीट यायच्या आधीच प्रत्येकाने आपला कमाल भाव चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो. त्या चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या डाव्या खणात असतात.

गेल्या महिन्यात बाणेरच्या एका मुलाला नाही म्हणावं लागलं. दोन वर्षं मी त्याला भेटतेय, आकडे चोख, ग्राहक खरे. आमची सगळ्यात मोठी चिठ्ठी विक्रीच्या अकरापटीची होती, त्याला दुसरीकडून एकोणीस मिळत होते. मी त्याला फोनवर सांगितलं, तुझ्या जागी मीही तेच पैसे घेतले असते, घे. मग आमचा हिशोब पाठवला, कुठल्या आकड्यावर आम्ही थांबलो ते खुणा करून. त्याने तासाभरात उलट फोन केला आणि विचारलं, "मॅडम, मग आता गुरुवारी येणार नाही का?" पुढची भेट वहीत लिहिली आहे.