व्हीपीएन जोडलं की नेट जातं? आधी राउटरपासून हात लांब ठेवा

ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित बोगदा) जोडलं आणि नेट गेलं, की बहुतेकांचा हात थेट राउटरकडे जातो. तो आवरा. त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का, एवढं आधी बघा. चालत असेल तर राउटरला कशाला छळायचं?

एका सहकाऱ्याने रविवारी संध्याकाळी राउटरच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून रिसेट मारला. कनेक्शन गल्लीतल्या केबलवाल्याचं, पीपीपीओईवालं, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरावे लागणारं. रिसेटबरोबर युजरनेम-पासवर्ड पुसले गेले आणि केबलवाला काही फोन उचलेना. सोमवारची मीटिंग हॉटस्पॉटवर कशीबशी झाली. गंमत म्हणजे टाचणी खुपसली तेव्हा शेजारी बायकोच्या मोबाइलवर त्याच वायफायने व्हिडिओ व्यवस्थित चालू होता! दुखणं लॅपटॉपात होतं. व्हीपीएन चालू असतानाच झाकण मिटलेलं. उघडलं तेव्हा व्हीपीएन तुटलेलं, पण डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) ऑफिसचाच चिकटून राहिलेला. एका रिस्टार्टचं काम. मी अशा वेळी आधी ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून बघतो. उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाहीत, म्हणजे संशय डीएनएसवर.

इथेच दुसरा उद्योग सुरू होतो. कुठल्यातरी व्हिडिओत बघून लोक गूगलचा डीएनएस हाताने टाकतात. बाहेरच्या साइट उघडतात, गडी खूश. पण ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं गूगलला माहीत असायचं कारणच नाही. मग आठवड्याने ‘पोर्टल उघडत नाही’ म्हणून आयटीकडे तिकीट (तक्रार) येतं आणि डीएनएस आपणच बदलला होता हे कुणाला आठवत नाही. डीएनएस ऑटोमॅटिकवरच असू द्या.

यूट्यूब फक्त व्हीपीएनवरच बंद असेल तर तो बहुधा बिघाड नाही. बऱ्याच कंपन्या सगळी रहदारी आपल्या फायरवॉलमधून नेतात. स्प्लिट टनेल (फक्त ऑफिसची रहदारी व्हीपीएनमधून, बाकी थेट) द्यायचं की नाही हे आयटीवाले ठरवतात, तुम्ही हाताने रहदारीचे रूट टाकत बसू नका.

व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण ऑफिसचा एखादाच सर्व्हर सापडत नाही? घर आणि ऑफिस दोन्हीकडे नेटवर्कच्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर लॅपटॉप तो सर्व्हर घरातच शोधत बसतो. घरची मालिका १९२.१६८.७३ वगैरे करून टाका. राउटरला हात लावायला माझी परवानगी फक्त इथे.

हॉटेलच्या वायफायवर आधी त्यांचं लॉगिन पान, मग व्हीपीएन. लॅपटॉपचं घड्याळ चुकलं असेल तर सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा, मुदत असलेला दाखला) अडतं. दोन व्हीपीएन एकदम चालवू नका. छोटी पानं उघडतात आणि मोठी फाइल अडकते, तेव्हा आयटीला एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार) तपासायला सांगा. १५०० वरून १४०० केल्यावर बरेचदा सुटतं.

आणि तिकिटात नुसतं ‘नेट चालत नाही’ लिहू नका. व्हीपीएनशिवाय चालतं का, पिंगला उत्तर येतं का, आणि एररचे शब्द जसेच्या तसे, इतकं लिहा. स्क्रीनचा तिरपा फोटो नको.