जंगलातले गोचीड मोजताना या चुका टाळा

गोरेगाव-बोरिवलीच्या पट्ट्यात निसर्गपाहणीसाठी येणाऱ्या नवख्या मंडळींना मी गेली काही वर्षे गोचीड मोजायला शिकवतो, आणि दर हिवाळ्यात त्याच चुका नव्या वहीत, नव्या हस्ताक्षरात वाचतो.

सर्वांत चीड आणणारी चूक घाईची. मोजणीची रीत साधी आहे : मीटरभर लांबरुंद पांढरे फ्लॅनेल गवतावरून सावकाश ओढायचे, म्हणजे गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसलेले गोचीड जनावर समजून त्याला चिकटतात. (राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय हे करू नये.) एका नोव्हेंबरात दोन विद्यार्थ्यांनी आठ सत्तावीसची लोकल गाठायची म्हणून दव असतानाच तबेल्यामागच्या वाटेवर शंभर मीटर कापड एका दमात ओढले आणि वहीत 'शून्य' लिहिले. ओल्या कापडाला गोचीड चिकटत नाहीत, आणि जे चिकटतात ते लांब ओढीत पुन्हा गळून पडतात. संध्याकाळी त्यांतल्या एकाचा फोन आला : मोज्याच्या काठावर मिरपुडीसारखे काहीतरी चालत होते. ती सहा पायांची, नुकती अंड्यांतून निघालेली पिल्ले होती. मी स्वतः दव सुकेपर्यंत चहा घेत बसतो, दर दहा पावलांनी कापड उलटून पाहतो आणि ऊन तापले की थांबतो, कारण अंगातली ओल राखण्यासाठी गोचीड तेव्हा पालापाचोळ्यात उतरतात. ज्यांना तेवढा वेळ बसवत नाही त्यांनी पक्षी पाहावेत. त्यांना पहाटच लागते.

दुसरी चूक, 'जंगल जितके दाट तितका धोका जास्त' असे गृहीत धरण्याची. पालापाचोळ्याची ओल आणि सावली गोचिडाला हवी असते हे खरे, पण त्याला रक्तही हवे असते, आणि जंगलाच्या कडेला गुरे, उंदीर, माकडे आणि माणसे एकाच वाटेवर येतात. माकडताप, म्हणजे गोचिडांच्या चाव्यातून माकडांना आणि माणसांना होणारा विषाणूचा ताप, 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे तो 2016 पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठतो आहे. जंगल तोडून बाग केली, उरलेल्या झाडीत गुरे सोडली, की पूर्ण वाढलेल्या गोचिडांना भरपूर रक्त मिळते आणि रक्त पिऊन खाली पडलेली मादी पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते. गाय या विषाणूचा साठा नव्हे, म्हणजे तिच्या अंगात तो टिकून पुढे पसरत नाही; ती फक्त गोचिडांची संख्या वाढवते. म्हणून गोचिडांची संख्या आणि आजाराचा धोका वहीत एकाच रकान्यात लिहू नयेत. माकड मेले की मात्र त्याच्या अंगावरचे गोचीड तिथेच उतरतात आणि तेवढी जागा खरोखर धोक्याची होते. तिथे फोटो काढायला जाऊ नये, वनखात्याला किंवा आरोग्यकेंद्राला कळवावे.

गोचीड झाडावरून उडी मारत नाही. तो पायाकडून वर चढतो, म्हणून पँट मोज्यात खोचावी. उडी मारते ती पिसू. स्क्रब टायफस हा झाडीतून येणारा दुसरा ताप गोचिडांमुळे नव्हे, तर माइट या गोचिडाच्या बारीक भाऊबंदाच्या पिल्लांमुळे होतो.

चावलेल्या गोचिडावर रॉकेल ओतू नये, काडीचा चटका देऊ नये. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा आणि जागा साबणाने धुवावी.

शिमग्याला गावी जाऊन मुंबईत परतलेल्या चाकरमान्याची चूक वेगळीच असते. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि चाव्यानंतर ताप यायला तीन ते आठ दिवस लागतात, म्हणजे ताप भरतो तेव्हा माणूस पुन्हा लोकलमध्ये लटकत असतो. डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या होत राहतात आणि काजूच्या बागेत पाचोळा गोळा केल्याचे डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. ते पहिल्याच भेटीत, गावाच्या नावासह सांगावे.